आप्पा मागे आहेत

दिवेआगरपासून गणपतीपुळ्यापर्यंतचा किनाऱ्याचा रस्ता मी साठी उलटल्यावर सायकलवरून केला, असं घरचे आल्यागेल्याला कौतुकानं सांगतात. मला त्या वेळी मध्येच बोलावंसं वाटतं. कारण त्या सांगण्यात आप्पा येत नाहीत, आणि आप्पांना वगळलं तर मी फार तर वेसवीच्या चढापर्यंत पोचले असते. हे लिहायला बसले आहे ते त्यासाठीच.

अशा सायकल सहलींची एक रीत असते. सगळ्यांच्या पुढे एक जाणता सायकलवाला असतो. रस्ता त्याला ठाऊक, फाट्यावर उभा राहून तो हात करतो. मधे बाकीची मंडळी आपापल्या चालीनं. बरोबर एक टेंपो किंवा जीप, तिच्यात पाण्याचे कॅन, केळी, चिक्की, सगळ्यांच्या पिशव्या, आणि ज्याला पुढे निभणार नाही त्याच्यासाठी बसायला जागा. आणि सगळ्यांत शेवटी स्वीप. स्वीपनं कुणालाही ओलांडायचं नाही. शेवटचा माणूस जिथे थांबेल तिथे थांबायचं, तो निघाला की निघायचं. पुढे असणाऱ्यांना टपरीवरचा चहा गरम मिळतो, मुक्कामी आंघोळीला पहिला नंबर लागतो, समुद्रावर जायला उजेड उरतो. स्वीपच्या वाट्याला यातलं फारसं काही येत नाही. आमच्या ग्रुपमध्ये हे काम आप्पांकडे होतं. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. वर्षानुवर्षं ते मागे राहत आले आणि ती जागा त्यांची झाली. मूळचे कराडकडचे, पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात फिटर म्हणून जन्म काढलेला, सत्तरीच्या उंबरठ्यावर. अंगानं सडपातळ, बोलणं कमी. 'सगळे आले का?' असं पुढून कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं, 'आप्पा मागे आहेत.' म्हणजे मागची काळजी करू नका.

मी पुण्यात भूगोल शिकवायचे. कोकणातल्या नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडे क्रमानं मुलांकडून पाठ करून घेतल्या : वैतरणा, उल्हास, कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री. 'कोकणातील नद्या आखूड व वेगवान आहेत' हे वाक्य फळ्यावर लिहिता लिहिता हाताला वळण पडलं होतं. पण यांतली एकही नदी मी तिच्या मुखाशी पाहिलेली नव्हती. कोकणात जायचे ती महामार्गावरून, गाडीच्या काचेआडून. महामार्ग सावित्री महाडला ओलांडतो, वाशिष्ठी चिपळूणला, शास्त्री संगमेश्वरला. पूल येतो, गाडीत कुणीतरी नदीचं नाव विचारतं, सांगेपर्यंत पूल संपतो. शाळेतून निवृत्त झाल्यावर गिअरची सायकल घेतली. लहानपणी सगळं पुणंच सायकलवर होतं, त्यामुळे तोल वगैरे शिकायचा प्रश्न नव्हता. सकाळी सकाळी भुगाव, खडकवासला असं करता करता या ग्रुपची ओळख झाली. डिसेंबरातल्या कोकण सहलीसाठी नाव दिलं ते नकाशातल्या त्या नद्यांसाठीच. पुणेरी सायकलवाल्यांत हा मार्ग लाडका आहे. टेंपोत सायकली घालून ताम्हिणी घाटातून रात्री दिवेआगर गाठायचं आणि सकाळपासून किनारा धरून दक्षिणेला निघायचं.

पहिल्या सकाळी कुणाचंच ऋण जाणवण्यासारखी परिस्थिती नव्हती. दिवेआगरहून शेखाडी, आरावीवरून श्रीवर्धनला येणारा रस्ता इतका समुद्राला बिलगून जातो की उजव्या हाताला नुसतं पाणी. चढ आहेत, पण अंगात जोर होता. श्रीवर्धनला पोहे खाल्ले, बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचं गाव म्हणून थोडं फिरलो, हरिहरेश्वराचं दर्शन घेतलं, आणि दुपारी बागमांडल्याच्या जेट्टीवर आलो. सावित्री तिथे समुद्राला मिळते. महाबळेश्वरच्या देवळात मुलांची सहल नेऊन 'ही कृष्णा, ही कोयना, ही सावित्री' असं कितीदा दाखवलं होतं, आणि आज ती इथे, खाडी होऊन, पलीकडच्या वेसवीपर्यंत रुंद पसरलेली. फेरीबोटीच्या लोखंडी पत्र्यावर सायकल धरून उभी होते. माझ्या शेजारी आप्पा. ते म्हणाले, "बाई, आता पलीकडं चढ हाय. चढ लागायच्या आधीच गिअर उतरवून घ्या. चढात गेल्यावर बदलू नका, चेन पडते."

त्यांनी मला पहिल्यापासून बाई म्हटलं. शाळेतली मुलं म्हणायची तसं. वयानं ते मोठे, मी त्यांना आप्पाच म्हणत राहिले.

वेसवीचा चढ मला झेपला नाही. पहिल्या वळणाला दम लागला, दुसऱ्याला उतरले आणि सायकल हातात धरून चालू लागले. पुढची मंडळी केव्हाच दिसेनाशी झाली होती. मागून आप्पांच्या सायकलचा आवाज येईना, म्हणून वळून पाहिलं. तेही उतरून चालत होते. हा चढ त्यांना काहीच नव्हता. ते सायकलवर बसून सावकाश पॅडल मारत आले असते तरी चाललं असतं. पण मी उतरले की ते उतरत आणि मी बसले की ते बसत. हे त्यांनी गणपतीपुळ्यापर्यंत मोडलं नाही. त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मी एकदा म्हटलं, "आप्पा, तुम्ही बसा ना, मी येते." त्यावर, "पाय मोकळे होतात," एवढंच उत्तर.

मी आयुष्यभर वर्गात उभी राहिले आहे. मागे पडलेल्या मुलाला 'तुला जमेल, प्रयत्न कर' असं म्हणणं किती सोपं असतं ते मला माहीत आहे. आप्पांनी मला 'जमेल' असं एकदाही म्हटलं नाही. सपोर्ट गाडीचा चालक मुलगा फार प्रेमळ, माझं लाल झालेलं तोंड बघून तो दर वळणावर खिडकीतून विचारायचा, "मॅडम, बसताय का गाडीत? पुढे सोडतो." आप्पा त्यावरही काही बोलत नसत. बसा म्हणत नसत, बसू नका म्हणत नसत. ते लांब बघत उभे राहत आणि ठरवणं माझ्यावर सोडत. मी 'नको' म्हटलं की गाडी पुढे जायची, आणि मग आम्ही दोघं, दोन सायकली, जांभ्याच्या लाल मातीचा कडेचा पट्टा, आणि झाडीत ओरडणारा भारद्वाज.

तो चढ संपवून सड्यावर आले तेव्हा दुपार कलली होती. सडा म्हणजे सपाट काळपट जांभा, डिसेंबरात पिवळं पडलेलं गवत आणि वारा. माझी चेन तिथेच पडली. आप्पांनी सायकल उलटी केली नाही, स्टँडवरही लावली नाही. रस्त्याच्या कडेची एक वाळकी काटकी उचलली, तिनं चेन वर उचलून पुढच्या चक्राच्या दोन दात्यांवर ठेवली, मला पॅडल हातानं उलटं फिरवायला लावलं, आणि चेन कट्कन जागेवर बसली. त्यांच्या बोटांना तेलाचा डागसुद्धा नाही. "पुढच्या वेळी तुम्ही करा," म्हणाले. पुढची वेळ पुढच्याच वळणावर आली आणि मी केलं.

केळशीत पोचेपर्यंत अंधारून आलं होतं. उतरलो होतो ते एका वाडीतलं घर होतं. माडा-पोफळींत दडलेलं, पुढे सारवलेलं खळं. बाकीच्यांची जेवणं होत आली होती. घरच्या वहिनींनी आमच्या दोघांसाठी पुन्हा तवा टाकला. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, लसणीची चटणी, सोलकढी. आंघोळीला बंबातलं पाणी वेगळं काढून ठेवलं होतं. "मागून येणारे आहेत असं ते सांगून गेले, म्हटलं पाणी गार नको व्हायला," असं त्या म्हणाल्या. ते पाणी अंगावर घेताना मला खरोखर रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वाडी दाखवली. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, त्याचा तडाखा श्रीवर्धन, दिवेआगरला बसला तसा मंडणगड-दापोलीच्या या गावांनाही बसला. एका दुपारीत पोफळी मोडल्या, माड उन्मळले. सुपारीचं रोप लावल्यापासून धरायला लागेपर्यंत पाच-सहा वर्षं सहज जातात, नारळाचंही तेच. म्हणजे पिकती वाडी गेली की घरातली एक शाळा, एक लग्न, एक आजारपण असं सगळं त्या मधल्या वर्षांत कशावर चालवायचं हा प्रश्न उरतो. वहिनींच्या वाडीत रांगांच्या रांगा नव्या होत्या, माझ्या खांद्याइतक्या, आणि त्यांच्यामधून एरवी कधी दिसलं नसतं एवढं आभाळ दिसत होतं. दोन खोल्या त्यांनी पाहुण्यांसाठी काढल्या त्या यानंतर. सायकलवाल्यांचा त्यांना भरवसा वाटतो, असं त्या म्हणाल्या. जेवतात पोटभर, गोंधळ घालत नाहीत, आणि पुढच्या वर्षी परत येतात. हे ऐकून आप्पांनी हात जोडले. जेवणा-राहण्याचे पैसे आम्ही दिलेच होते, पण त्या बंबाच्या पाण्याचे कसे देणार?

केळशीहून आडे, पाडले, आंजर्ले, हर्णै हा टप्पा मी भराभर सांगते, कारण त्या दिवशी वारा पाठीला होता आणि मी पहिल्यांदाच आप्पांना थोडं धावायला लावलं. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला सायकली खाली ठेवून गेलो. हर्णैच्या बंदरावर दुपारी मासळीचा लिलाव चालला होता, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग.

मुरूडला मात्र मी थांबले. हे महर्षी कर्व्यांचं गाव. माझी आजी त्यांनी हिंगण्याला उभ्या केलेल्या शाळेत शिकली. ती शिकली म्हणून माझी आई शिकली, आणि मी मास्तरीण झाले ती त्या ओळीत. आमच्या घरात देवाच्या तसबिरींच्या रांगेत कर्व्यांचा फोटो होता. आजी त्याला रोज हात जोडायची. त्यांची एक गोष्ट तिनं आम्हाला अनेकदा सांगितलेली. सतराएक वर्षांचा धोंडू १८७५ च्या सुमारास इयत्ता सहावीच्या सरकारी परीक्षेला मुरूडहून साताऱ्याला पायी निघाला. सुमारे ११० मैल, पावसाचे दिवस, मधे सह्याद्रीचा घाट. चार दिवसांत तो पोचला, आणि वयानं फार लहान दिसतो म्हणून परीक्षेला बसू न देता त्याला परत पाठवलं. त्या मुलानं पुढे १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ, आणि शंभराव्या वर्षी भारतरत्न घेतलं. मी ही गोष्ट आप्पांना त्या गावातच, रस्त्याकडेला उभी राहून सांगितली. त्यांनी ती पूर्ण ऐकली. मग विचारलं, "परत पण चालतच आला असंल?"

हा प्रश्न मला आजीला विचारायला कधी सुचला नव्हता. जाताना अंगात परीक्षेचं बळ असतं. तोच घाट, तोच पाऊस, आणि हाती काही नाही, तो परतीचा रस्ता त्या मुलानं कसा काढला असेल? नेहमी मागून चालणाऱ्या माणसाच्या मनात बरोबर तो रस्ता आला. आजीनंतर कर्व्यांना पुन्हा नव्यानं पाहायला कुणी लावलं असेल तर ते आठवीपर्यंत शिकलेल्या या फिटरनं.

कर्दे, लाडघर, बुरोंडीवरचा परशुरामाचा उंच पुतळा, कोळथरे असं करत तिसऱ्या दिवशी दाभोळ. तोवर माझ्या मांड्या दगडासारख्या झाल्या होत्या आणि तळहाताला फोड आले होते. आप्पांनी ते पाहिलं. "हँडल आवळू नका. सुपात तांदूळ घेता ना, तसं हलकं धरा. सायकल जाते आपली आपण." त्यांची आई सुपात तांदूळ घेऊन बसायची ते आठवून ते बोलत असावेत, माझ्या आईचंही मला तेच आठवलं, आणि खांदे आपोआप खाली आले. फोड तिसऱ्या दिवशीचे, पण हात पुढे कधी दुखला नाही.

दाभोळहून धोपाव्याला नेणारी फेरीबोट २००३ मध्ये सुरू झाली. त्याआधी गाडी घेऊन पलीकडे जायचं तर दापोली, खेड, चिपळूण असा शंभर किलोमीटरांच्या वर वळसा. किनाऱ्यानं रेवसपासून रेडीपर्यंत सलग रस्ता न्यायचं अंतुल्यांच्या काळापासून बोललं गेलं, पण मोठ्या खाड्या आल्या की रस्ता पाण्यात जाऊन संपायचा. तो सांधला या बोटींनी. ज्यांनी पदरचे पैसे घालून ही सेवा उभी केली त्यांची आणि बोटीवर दोर टाकणाऱ्या खलाशांची आठवण मला काढलीच पाहिजे; ते नसते तर आमच्यासारख्यांना हा किनारा तुकड्या-तुकड्यांनीच दिसला असता.

बोट सुटायला वेळ होता. आप्पा कठड्याला टेकून पलीकडच्या डोंगराकडे बघत म्हणाले, "बाई, एक विचारू? इतकी वर्षं येतोय. ह्यो रस्ता असा का? समुद्राच्या कडंनं जायचं तर सपाट पाहिजे. हितं सारखं खाली पाण्यापर्यंत न्यायचं आणि पुन्हा डोंगरावर घालायचं. रस्ता करणाऱ्यांनी मुद्दाम केलंय का?"

मला फळा मिळाल्यासारखं झालं. मी सांगितलं की मूळ जमीन म्हणजे वरचा सडा, जांभ्याचा, जवळजवळ सपाट. सह्याद्रीतून आलेल्या नद्यांनी तो चिरत खोल दऱ्या केल्या. पुढे समुद्राची पातळी चढली आणि त्या दऱ्यांच्या खालच्या भागांत खारं पाणी शिरलं, त्या झाल्या खाड्या. म्हणून भरतीचं पाणी या वाशिष्ठीतून पार चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत जातं. म्हणून गावं पाण्याशी, शेतं दरीत, आणि एका गावातून दुसऱ्या गावात जायचं तर सडा चढून उतरावाच लागणार. आपण समुद्राच्या कडेनं जात नाही आहोत, आपण नदीमागून नदी ओलांडतो आहोत. हे मी त्यांना बोटाच्या नखानं सायकलच्या सीटवरच्या धुळीत काढून दाखवलं. त्यांनी वाकून पाहिलं. "म्हणजे चढ नदीनं केलाय," ते म्हणाले. मग बोटीवरच्या आमच्यातल्या दोन-तीन तरुण मुलांना हाक मारून त्यांनी बोलावलं आणि मला पुन्हा सगळं सांगायला लावलं.

एवढंच काय ते मी त्यांना दिलं. फेड झाली असं मात्र मला वाटत नाही. भूगोल माझ्याजवळ होताच, मला तो द्यायला काही पडलं नाही. त्यांनी दिलं ते त्यांचं स्वतःचं, पुन्हा न मिळणारं : त्यांची चाल. चांगल्या सायकलवाल्याला आपल्या चालीनं जाता न येणं किती जड जातं ते मला आता कळतं. पायाला एक लय लागते, श्वास तिच्याशी जुळतो, आणि ती मोडून दर अर्ध्या मैलाला उतरायचं, उन्हात उभं राहायचं. तेही कुठला चेहरा न करता. दमलेल्या माणसाला मागच्या माणसाचा एक सुस्कारा पुरतो गाडीत जाऊन बसायला. तो मला एकदाही ऐकू आला नाही.

धोपाव्याचा चढ या सगळ्या मार्गात मला सर्वांत कठीण गेला. बोटीतून उतरलं की रस्ता सरळ वर. दुपारचे दोन वाजून गेले असतील. अर्ध्यावर उजव्या पोटरीत गोळा आला आणि मी रस्त्याच्या कडेला बसले. आप्पांनी मिठाचं लिंबूपाणी दिलं, माझा बूट काढून टाच आपल्या तळहातावर घेतली आणि चवडा हळूहळू माझ्याकडे दाबत गेले. परक्या बाईच्या पायाला हात लावायचा म्हणून आधी, "चालंल ना, बाई?" असं विचारलं होतं. गोळा सुटला. गाडीवाला मुलगा वरून परत आला होता. त्यानं या वेळी विचारलं नाही, दार उघडून उभा राहिला. मी आप्पांकडे पाहिलं. ते दरीतल्या बोटीकडे बघत होते. ती परत दाभोळच्या वाटेला लागली होती.

"मी चालत जाते," मी म्हटलं.

"मग बूट सैल बांधा," ते म्हणाले.

बाकीचा चढ आम्ही चाललो. त्यांच्या सायकलला जुन्या पद्धतीची पितळी घंटी होती. मी वळणाआड गेले की ते ती एकदा वाजवायचे, म्हणजे मागे आहे. गुहागरात व्याडेश्वराच्या देवळापाशी आम्ही पोचलो तेव्हा सगळी मंडळी जेवणाला न बसता रस्त्यावर उभी होती. त्या तरुण मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या माझ्यासाठी होत्या. आप्पा तोवर टेंपोपाशी जाऊन कुणाच्या तरी पंक्चरला भिडले होते.

शेवटचा दिवस सोपा गेला असं म्हणणार नाही, पण पालशेत, वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळच्या जेट्टीवर आले तेव्हा मन शांत होतं. शास्त्री नदी ओलांडली की पलीकडे जयगड. माझ्या फळ्यावरच्या यादीतली ती शेवटची. पुढे मालगुंड, केशवसुतांचं जन्मगाव, आणि मग उतारावर एकदम गणपतीपुळ्याचा समुद्र. त्या उतारावर मी आप्पांना पुढे जा म्हणून सांगितलं. आता तरी मोकळं सुटा, म्हटलं. ते नाही म्हणाले. स्वीप शेवटीच पोचतो.

पुढच्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मी भेटायला गेले तेव्हा ते गॅलरीत खुर्चीवर पाय लांब करून बसले होते. काही हवं का, विचारलं. म्हणाले, "तुमची सायकल आणा खालून. पंक्चर काढायला शिकवतो. नुसतं बसून कंटाळा येतोय." मग माझ्या दर रविवारच्या दुपारी तिथे गेल्या. ते खुर्चीवरून सांगायचे, मी खाली जुन्या वर्तमानपत्रावर बसून करायचे. चाक सोडवायचं. टायरची एक कड दोन पट्ट्यांनी उचलून बाहेर काढायची, ट्यूब ओढायची. हवा भरून ती घमेल्यातल्या पाण्यात इंचाइंचानं फिरवायची, बुडबुडा दिसला की बोट ठेवायचं, पुसून पेननं फुली मारायची. पॉलिश पेपरनं तेवढी जागा खरवडायची. सोल्युशन लावायचं, आणि मग थांबायचं. मी नेमकी इथे घाईला यायचे, ओल्यावरच तुकडा चिकटवायला जायचे. "वाळू द्या. घाई न्हाई," ते म्हणायचे. बोटानं टेकवून पाहिल्यावर चिकट लागलं पाहिजे, ओलं नाही. तुकडा बसवला की टायर घालण्याआधी आतून बोट फिरवून काटा राहिलाय का ते बघायचं, कारण काटा तसाच राहिला तर सगळी मेहनत पुढच्या मैलात वाया. चेनची कडी तोडून जोडायला मी त्याच गॅलरीत शिकले. साठी ओलांडलेल्या बाईला हातानं करायचं नवीन काम कुणी शिकवायला बसत नाही. आप्पा बसले, आणि ते चांगले मास्तर होते. मी चुकले तरी माझ्या हातातलं काम त्यांनी एकदाही काढून घेतलं नाही.

आप्पांच्या सासूबाईंनी एकदा चहा देताना विचारलं, "यांचं नातं काय हो तुमचं?" आप्पांच्या पत्नी म्हणाल्या, "सायकलचं." आप्पा हसले.

ग्रुपमध्ये आता मी मागे असते. पहिल्यांदा मुळशीच्या रस्त्यावर होते तेव्हा एक नवी मुलगी, बँकेत काम करणारी, प्रत्येक चढाला उतरायची आणि मागे वळून, "सॉरी काकू, माझ्यामुळे तुम्हाला उशीर होतोय," म्हणायची. मी उतरून चालत होते. तिला काय सांगावं ते सुचेना. पाण्याची बाटली भरलेली आहे का, एवढं विचारलं.

या डिसेंबरात पुन्हा दिवेआगरहून निघायचं ठरलं आहे. या वेळी गणपतीपुळ्याला न थांबता आरे-वारेच्या रस्त्यानं रत्नागिरीपर्यंत जायचं म्हणतात. स्वीप म्हणून माझं नाव घातलंय. आप्पांना डॉक्टरांनी घाटाची सायकल बंद केली आहे, पण ते सपोर्ट गाडीत चालकाशेजारी बसून येणार आहेत. तिथे बसून माझ्याकडे मागे बघत राहायचं नाही, अशी अट मी त्यांना घातली आहे, आणि त्यांनी ती अजून कबूल केलेली नाही. केळशीच्या वहिनींना परवा फोन केला. खोल्या ठेवल्या आहेत म्हणाल्या. सुपारीच्या पहिल्या रांगेला या वर्षी फुलोरा आलाय, तेही सांगितलं. मी त्यांना म्हटलं, आम्ही दोघं-तिघं उशिरा पोचू, पाणी तेवढं गरम ठेवा.